फाट्यावरची फांदी

दसरा होऊन गेला तरी हरिबाच्या दारातली घोडी मोकळीच हिंडत होती. तेव्हाच न्हावऱ्यातल्या लोकांनी ओळखलं, की या घरात यंदा काहीतरी अडलंय.

दर साली सोनं लुटून झालं, की हरिबाची मेंढरं मावळतीला तोंड करायची. शिक्रापूर, चाकण, पुढं मावळ, मावळातनं घाट उतरून कोकण, आणि मिरगाच्या आधी माघारी. ही वाट कुणी आखून दिलेली नव्हती. इकडं माळावरचं गवत करपायला आणि तिकडं भाताची खाचरं मोकळी व्हायला एकच गाठ पडायची. कोकणातली माणसं लेंडीखतासाठी मेंढरांची वाट बघत बसायची. गरज दोन्हीकडची, म्हणून मधे वाट पडलेली. एके काळी त्या वाटेनं आठ बिऱ्हाडांचा वाडा चालायचा. घोडी, कोंबड्या, कुत्री, झोळीतली पोरं, सगळं गाव हलल्यासारखं. एकेक बिऱ्हाड गळत गेलं. गेल्या साली वाड्यातल्या मच्छिंद्रनंही मेंढरं विकली आणि रांजणगावच्या एका कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा राहिला. "खाकी घातली तशी घरची कुत्री बी वळखंनात," असं तो हसत सांगायचा. हसणं ओठांच्या वर जायचं नाही.

यंदा उरलं होतं हरिबाचं एकच बिऱ्हाड. त्यात पावसानं सलग दुसऱ्या सालीही पाठ फिरवलेली, आणि श्रावणात सखूबाई विहिरीच्या पायरीवरनं घसरून तिचा खुबा गेलेला. बिऱ्हाड हाकणारी बाईच खाटेवर पडली होती.

आज दुपारी सगळे बाभळीखाली जमले होते. हर्षदा, धाकटी सून, उंबऱ्यात बसली होती. मांडीवर आठ महिन्यांचा भैरू. त्याच्या छातीतनं बारीक घरघर येत होती, मांजर झोपल्यासारखी. दौंडच्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, गारठ्यापासून जपा. हर्षदाच्या मनात सकाळपासून एकच धावा चालला होता: विकू देत. मेंढरं विकू देत, आणि माझं बाळ घरात राहू दे.

ती दौंडची. बाप रेल्वेत, क्वार्टरमधे जन्म, क्वार्टरमधेच लग्नाची हळद. तिच्या आज्यानं मेंढरं सोडून रूळ धरले, तेव्हापासून त्या घरातलं कुणी उघड्यावर निजलं नव्हतं. लहानपणी बापाचा डबा घेऊन ती फलाटावर जायची, तेव्हा सोलापूरकडच्या गाडीतनं उतरणाऱ्या माणसांकडं बोट करून बाप सांगायचा, "नुसती वळकटी हाय ना, हा परत जाणार. आन् ती बाई बघ, डोक्यावर पाटा घेतलाय. ती आता माघारी जात न्हाई." पुढं कितीतरी दिवस तिनं लोकांच्या डोक्यावरच्या ओझ्यांवरनं त्यांची नशिबं ओळखायचा खेळ खेळला होता. आपलंही ओझं कधी कुणी बघेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

"राग मानू नका हरिबा," हौसराव आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत पुढं सरकून म्हणाले. आप्पांचा ऊस, आप्पांचा कांदा. हरिबाची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या रानात बसत आलेली. "छावणी निघाली ती गुरांची. मेंढरांना कोण छावणी काढतंय? आन् आता तुमच्यात चालणारं तरी कोण हाय? तुम्ही एक शब्द टाका, उद्या आमच्या सत्यजीतचा टेंपो दारात लागतो."

"आन् मेंढरं जाणार कुठं?"

"आता ते कशाला विचारता."

हरिबा गालात हसला. त्याच्या समोरच्या दोन दातांच्या जागी कधीचीच खिंड पडली होती. "म्हंजी आम्ही न्हाई गेलो तर ती जाणार. कुणाला तरी जायलाच पायजे, आप्पा."

संपतला हसू आलं नाही. धाकटा मुलगा, हर्षदाचा नवरा. कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. गणपती उठले आणि त्याला ब्रेक मिळाला, म्हणजे काम सुटलं. तेव्हापासून तो कंपनीचे बूट घालूनच घरात हिंडायचा.

"आबा, सारखं वाट वाट करताय. वाट राहिलीय कुठं? शिक्रापूरच्या पुढं दोन्ही अंगाला प्लॉटिंग. तारांची कुंपणं. मोठ्या रस्त्याला मेंढरू उतरलं की ट्रकवाला आय-माय काढतो."

"तुला कसं ठावं?" बिरदेवनं विचारलं. थोरला. तो जमिनीवर उकिडवा बसून काठीनं रेघा ओढत होता.

"टेंपोवर लोडिंगला जायचो तवा बघायचो."

"बघायचास. चालला न्हाईस कवा."

"नसंल. पर माझं पोर मी रस्त्यावर काढणार न्हाई."

"तू बी रस्त्यावरच मोठा झालास की रं. खंडाळ्याच्या अल्याड चालाय शिकलास. आय सांगती."

"व्हय," खाटेवरनं सखूबाई म्हणाली. "पयलं पाऊल घाटातच टाकलं, आन् पडलं ते माझ्या चुलीतच." ती हसली, आणि हसताना खुबा दुखला म्हणून गप्प झाली.

हरिबानं पटका काढून गुडघ्यावर ठेवला. तो असा पटका काढायचा, तेव्हा घरात बाकीच्यांचं बोलणं संपायचं.

"मेंढरं हाकतो गडी. पर बिऱ्हाड हाकती बाई. तीच घोडं भरती, तीच पालं ठोकती, तीच आमच्या आधी मुक्कामाला जाऊन चूल पेटवती. माझ्या बापानं माझ्या आयला विचारल्याबिगर खोगीर टाकलं न्हाई. मी हिला विचारत आलो. औंदा ही पडून हाय. म्हणून प्रतिभानं सांगायचं. ती जा म्हणली तर जायचं. न्हाई म्हणली तर आप्पा, टेंपो आणा."

हर्षदाच्या छातीवरचा धोंडा हलका झाला. प्रतिभा, थोरली जाऊ, नाहीच म्हणणार. जिनं त्या वाटेवर आपली लेक घालवली, ती दुसरं काय म्हणेल? कालच टँकरच्या रांगेत हर्षदानं विषय काढला होता. "आक्का, तुम्हालाबी आता नकोच वाटत असंल न्हाई?" प्रतिभानं हंडा नळीखाली सरकवला होता आणि "बघू" एवढंच म्हणाली होती.

प्रतिभा भिंतीला टेकून ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"घोडं भरायचं," ती म्हणाली.

बिरदेवच्या काठीची रेघ मधेच थांबली. "नीट विचार कर. कुणी जुलूम करत न्हाई तुझ्यावर."

"केलाय विचार."

"अगं, पण त्या वाटेवर..." हौसराव आप्पांनी वाक्य सुरू केलं आणि त्यांना ते पुरं करता येईना.

"त्या वाटेवरच, आप्पा." प्रतिभा आप्पांकडं नाही, सुपाकडं बघून बोलत होती. "माझी लवकी तिथं हाय. जाताना येक डाव भेटती, येताना येक डाव. मी तिला गूळ ठिवते. पांगाऱ्याची फांदी लावली हुती ह्यांनी, ती माझ्या खांद्याला लागली आता. तिच्या वयाची पोरं शाळंत जाऊ लागली. ती फांदी बघितली की मला कळतं, ती केवढी झाली असती. मेंढरं इकली, तर मी कंच्या निमतानं तिकडं जाऊ? नुसती बाई येष्टीत बसून माळावर उतरली, तर लोक काय म्हंतील?"

लहान पोराला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. लवकीला थंडीच्या एका रात्री शिक्रापूरच्या पलीकडच्या माळावर छाती भरून आली होती. उगवतीचा वारा असा सुटलेला, की पाल दोनदा उडालं. सकाळी वाडा थांबला नाही. मेंढरांना थांबता येत नाही. बिरदेवनं खड्डा खणला, फांदी रोवली, आणि दुपारच्या आत सगळे पुढच्या मुक्कामाला निघाले. सासरी आल्यावर हर्षदानं ही हकीकत सखूबाईच्या तोंडून ऐकली होती. पण प्रतिभाच्या तोंडून लवकी हे नाव ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

आणि नेमकं आजच ते ऐकायला नको होतं. कारण हर्षदाला आणखी एक गोष्ट माहीत होती.

तो माळ आता नव्हता. भादव्यात संपत टेंपोबरोबर चाकणला गेला होता. वाटेत त्यानं पांगारा शोधला, तर तिथं मुरूम टाकून रोलर फिरवलेला, चहूबाजूंनी सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत, आणि गेटवर एक कोवळा बिहारी वॉचमन. संपतनं आत जायला मागितलं. "साहब का ऑर्डर नहीं है," वॉचमन म्हणाला. "अंदर आपका कुछ था क्या?" काय सांगणार? संपतनं मान हलवली. मग त्या पोरानंच तंबाखू पुढं केली आणि विचारलं, "गाँव पास में है? तब तो अच्छा है. हम तो छठ पे भी नहीं जा पाएँगे." हे सगळं संपतनं फक्त हर्षदाला सांगितलं होतं.

आता त्यानं मान वर केली. हर्षदानं त्याचा चेहरा बघितला आणि तिला कळलं, तो सांगणार. एक वाक्य. एवढ्या एका वाक्यानं प्रतिभाची जाण्याची गरज संपली असती. उद्या टेंपो आला असता. भैरू या उंबऱ्याच्या आत राहिला असता. सकाळपासून तिनं ज्याच्यासाठी देव पाण्यात ठेवले होते, ते तिच्या नवऱ्याच्या जिभेच्या टोकावर होतं.

"वैनी, एक सांगू का," संपत म्हणाला. "तिथं आता..."

हर्षदा उठली. चार माणसांतनं, डोईवरचा पदर सावरायचंही भान न ठेवता ती सरळ गेली आणि तिनं भैरूला संपतच्या मांडीवर ठेवलं.

"धरा जरा याला."

भैरूनं बापाच्या मिशा पकडल्या. संपतचं वाक्य तिथंच राहिलं.

"मामा," ती हरिबाकडं वळली. आवाज आपलाच आहे का, हे तिलाच कळेना. "घोडीच्या एका अंगानं आक्का ओझं चढवतील. दुसऱ्या अंगाला माणूस लागंल ना? मी जाते."

सखूबाईनं डोळे मिटून घेतले. हौसराव आप्पांनी खुर्ची मागं सारली आणि चप्पल शोधू लागले. प्रतिभानं सूप परत मांडीवर घेतलं. पण ती ज्वारी निवडत नव्हती, नुसती बोटं फिरवत होती.

गोठ्यामागं संपतनं तिला गाठलं.

"येडी झालीस का तू? एका शब्दात मिटत हुतं."

"मिटलं असतं."

"मग?"

"आप्पा खुर्चीत बसलेले, मामा, दादा, सगळे तोंडाकडं बघताहेत, आणि आपण वाद जिंकायला आक्कांना सांगणार, तुमच्या पोरीवर रोलर फिरवला म्हणून?" हर्षदानं भैरू त्याच्याकडनं घेतला. "मला न्हाई बघवलं असतं ते."

"आन् याची छाती? त्याचं काय?"

ती भैरूच्या टाळूवरनं हात फिरवत राहिली. "दादांना सांगा," शेवटी ती म्हणाली. "एकट्यात सांगा. वाट बदला म्हणावं. तो माळ आडवा येऊ नये एवढं बघा."

"तू जाणार, मी हितं बसून काय करू?"

"आत्याबाईंना धरून उठवायला कुणी नको? आणि काम बघा. मिळालं की निरोप धाडा, मी पहिल्या येष्टीनं माघारी येते."

संपतनं बुटांकडं बघितलं. मग तो म्हणाला, "कानटोपी दोन घे. एक भिजली तर."

निघायच्या दिवशी सखूबाईनं खाटेवरनंच सगळं भरून घेतलं. पालाचं कापड, जाळी, तवा, पिठाची पिशवी. वर कोंबड्यांचं खुराडं. "डावीकडं जड झालं, माझ्या डोळ्यांना दिसतंय हितनं. घोडीची पाठ सोलायची हाय का?" मग तिनं हर्षदाला जवळ बोलावलं आणि भैरूच्या गळ्यात ओव्याची पुरचुंडी बांधली. "रातच्याला घोंगडीच्या आत, पोटाला पोट लावून निज. मी दोघांना असंच वाढवलं." बाहेर पाटा पडलेला बघून हर्षदानं विचारलं, हा घ्यायचा का? "तो नगं," म्हातारी म्हणाली. "तो हितंच ऱ्हाऊ दे." हर्षदाला फलाटावरचा बाप आठवला आणि जरा धीर आला.

हरिबा आणि बिरदेव मेंढरं घेऊन कधीच पुढं गेले होते. मेंढरं रानारानातनं चरत जायची, बायका घोडीबरोबर रस्त्यानं. वाट चुकू नये म्हणून बिरदेव फाट्यावर फांदी टाकून ठेवायचा. "शेंडा जिकडं, तिकडं जायचं," प्रतिभानं समजावलं. "वर बारका दगड ठिवतात. वाऱ्यानं फिरू नये म्हणून." चालताना ती एरवीपेक्षा मोकळी झाली होती. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या वस्तीवरची म्हातारी ताक देते, हे सांगत होती. वस्ती आली, की तिथं म्हातारी नसायची. एखादा ढाबा असायचा, किंवा 'जागा विकणे आहे' असा पत्रा. प्रतिभा तिकडं बघायची आणि पुढच्या विहिरीचं सांगू लागायची.

रात्री हर्षदा पोटाला पोट लावून निजायची. भैरूची घरघर तिला आपल्याच फासळ्यांतनं ऐकू यायची. एकदा जाग आली, तर प्रतिभा उठून बसलेली, वाऱ्याच्या अंगाला पाठ करून, घोंगडी दोन्ही हातांनी पसरून. पाखरू पंख पसरतं तशी. "नीज तू," ती म्हणाली. "मला न्हाईतरी हितं झोप लागत न्हाई."

शिक्रापूर मागं पडलं आणि तो फाटा आला.

डावी वाट माळाकडं, उजवी ओढ्याच्या कडेनं. मधोमध करंजाची ताजी फांदी पडलेली. शेंडा उजवीकडं. आणि वर दगड, साधासुधा नाही. चुलीला लावतात तेवढा, दोन हातांनी उचलून आणावा लागला असेल असा.

प्रतिभानं घोडी थांबवली. बराच वेळ ती त्या दगडाकडं बघत राहिली.

"हितं कवा फांदी पडत न्हाई," ती म्हणाली. "मला झोपंत बी ठावं हाय हितनं कुठं वळायचं. त्यांना बी ठावं हाय, मला ठावं हाय ते."

हर्षदानं भैरूला एका खांद्यावरनं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"एवढा दगड कशाला? मी फांदी फिरवीन म्हणून?" प्रतिभा वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाण्यापेक्षा कोरडं काहीतरी होतं. "हर्षदा, त्या दिवशी भाऊजी बोलत हुतं आन् तू मधीच पोरगं दिलंस त्यांच्याकडं. तवापासनं मी इचारायचं म्हणते. काय हाय तिकडं?"

रस्त्यावरनं एक कंटेनर गेला. घोडीनं कान टवकारले. तो आवाज पार संपेपर्यंत हर्षदाला थांबता आलं. पुढं थांबता आलं नाही.

"काही न्हाई, आक्का. सपाट केलंय. भिंत घातलीय."

प्रतिभानं मान हलवली. कुणी पाहुण्याचा निरोप सांगावा आणि आपण तो ऐकून घ्यावा, तशी.

"पांगारा?"

"न्हाई."

घोडीच्या पाठीवर कोंबडी फडफडली. प्रतिभानं सवयीनं खुराड्यावर हात ठेवला. मग तिनं विचारलं, "भिंत किती उंच हाय?"

"पुरुषभर. जास्तच."

"चारी बाजूंनी?"

"व्हय."

"उगवतीला बी?"

"उगवतीला बी, आक्का."

"मग बरं झालं," प्रतिभा म्हणाली. "वारा तिकडनंच यायचा."

तिनं कनवटीची गाठ सोडली. गुळाचा खडा होता, कपड्याचे धागे चिकटलेला. दाढेखाली धरून तिनं त्याचे दोन तुकडे केले. वाकून तो भलामोठा दगड जरासा उचलला, एक तुकडा फांदीच्या बुडख्याशी ठेवला आणि दगड होता तसाच परत टेकवला, शेंडा जराही न हलवता. दुसरा तुकडा तिनं बोटानं झाडला, चोखून धागे काढले, आणि भैरूच्या ओठांना लावला. भैरू आधी दचकला. मग त्यानं तिचं बोटच दोन्ही मुठींनी धरलं.

"टोपी खाली वढ त्याची," प्रतिभा म्हणाली. "कान उघडं पडल्यात."

तिनं घोडीचा कासरा धरला आणि उजवीकडं वळली.